माळ्यावरच्या ट्रंकेला हात लावू नका

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबा म्हणाले, माळ्याच्या फळ्यांना वाळवी लागलीये, सुतार येणार आहे, तुझी खोकी खाली काढतो, हवं तर रद्दीवाल्याला देतो. ‘रद्दीवाला’ ऐकलं आणि पुढचं काही डोक्यात शिरलंच नाही. फोनवर बोलले असते तर भांडण झालं असतं, म्हणून लिहिते आहे.

पहिलं म्हणजे खोकी अंगणातच फोडा. वाळवी फळ्यांतून खाली उतरली असेल तर पुठ्ठ्यावर मातीच्या रेघा दिसतील. तसलं खोकं घरात आणायचं नाही. बाकीची पुस्तकं पडवीत, वाऱ्याला, पानं मोकळी होतील अशी उभी करा. थेट उन्हात नको, कागद कडक होतो. बुरशीला कोरडा ब्रश, ओलं फडकं अजिबात नाही. आणि आई, वेखंडाच्या पुरचुंड्या कर, तुझ्या पद्धतीच्या. कसर बांधणीतली खळ खायला येते, वाङ्मयाशी तिला देणंघेणं नसतं, हे बाबांचंच वाक्य.

‘एवढी काळजी आमची कर,’ असं आई म्हणणार. करते गं. पण ही सवय लावली कुणी?

इथली अवस्था सांगते. लोकांच्या दिवाणात पाहुण्यांच्या गाद्या असतात, आमच्या दिवाणात दिवाळी अंक आहेत. पाहुणे आले की गाद्या शेजारून आणतो. मुलाच्या वह्या आणायला अप्पा बळवंत चौकात जाते आणि वह्या सोडून सगळं घेऊन येते. मग पिशवी दाराबाहेर चपलांच्या कपाटात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी दोन-दोन करून आत न्यायची. तुमचे जावई विचारतात, ‘ही सगळी वाचलीस का?’ लोणच्याची बरणी भरली की कुणी विचारतं का, सगळं खाल्लंस का म्हणून?

गेल्या महिन्यात तर घरात दोन प्रती असलेलं पुस्तक जुन्या बाजारातून तिसऱ्यांदा घेतलं. त्याच्या पहिल्या पानावर निळ्या शाईत ‘चि. सौ. कां.’, पुढे गिरवून गिरवून खोडलेलं नाव आणि खाली ‘हिस लग्नाची भेट’. लग्नात मिळालेलं पुस्तक फुटपाथवर कसं आलं? आणि नाव खोडलं कुणी, तिनं की विकणाऱ्यानं? दोन रात्री ह्यातच गेल्या, पुस्तक राहिलं बाजूला.

उसनं मात्र मी कुणाला देत नाही. बाबा, तुमची ती ‘नेले’ आणि ‘आणले’ अशा दोन रकान्यांची वही मी पाहिलेली आहे. दुसऱ्या रकान्यात कोऱ्या जागा किती! तरी तुम्ही देतच राहिलात. मी सरळ खोटं बोलते, म्हणते बाइंडिंगला दिलंय.

जावयांना पहिल्याच भेटीत तुम्ही काय ऐकवलंत, आठवतं? ‘आमच्या रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं. तुमच्या पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 चं. म्हणजे वीस वर्षांनी धाकटं.’ ते बिचारे चहात बिस्किट बुडवून बसले होते, ते विरघळून तळाला गेलं. 1909 साली ‘मनोरंजन’नं पहिला दिवाळी अंक काढला, हे सांगितल्याशिवाय तुम्ही कधी दिवाळी अंक उघडल्याचंही मला आठवत नाही.

ते अंक आपण चार घरांत मिळून घ्यायचो. आईच्या हातात यायचे ते तुळशीचं लग्न उरकल्यावर, तोवर प्रत्येक पानावर कुणाच्या ना कुणाच्या चकलीचा तेलकट ठसा. आई भांडी घासून झाल्यावर कंदिलासारख्या पिवळ्या दिव्याखाली वाचायची, आणि झोप आली की उदबत्तीच्या पुड्याचा कागद खूण म्हणून घालायची. आपल्या घरात वाचणारे म्हणजे बाबा, असं सगळे म्हणायचे. मीसुद्धा.

आता खरं सांगते. आठवीत असताना आळीतल्या वाचनालयाचं एक पुस्तक एसटीत हरवलं म्हणून मी रडले होते. बाबा, तुम्ही ग्रंथपालांची माफी मागून आलात, किंमत भरलीत आणि मला एक शब्द बोलला नाहीत. ते हरवलं नव्हतं. परत द्यायला जीव होईना. माळ्यावरच्या निळ्या ट्रंकेत, शाळेच्या वह्यांखाली ते अजून आहे, जांभळ्या शिक्क्यासकट. त्या वेळी दोन झापडा मारल्या असत्यात तर बरं झालं असतं, इतकी वर्षं ते पुस्तक मी सुखानं वाचलेलं नाही.

गेल्या मे महिन्यात तुम्ही दोघं झोपलेले असताना ट्रंक उघडली होती. पुस्तक काढलं, तर त्यातून उदबत्तीचा वास आला. पान 112 वर घडी घातलेला पुड्याचा कागद. मी असली खूण कधी घालत नाही, मी एसटीची तिकिटं घालते.

आई, कधीपासून माहीत होतं तुला?

दसऱ्याच्या आदल्या रात्रीच्या गाडीनं येते. पुस्तक वाचनालयात परत द्यायला आपण तिघं मिळून जाऊ. आईचं वाचून व्हायचं असेल तर चार दिवस थांबू. कागद मी काढलेला नाही, आहे तिथंच आहे. ट्रंकेची किल्ली माझ्याकडे आहे, सुताराला कुलूप तोडू देऊ नका.

तुमची,
सुमी