विश्रांतीलाही कारण हवे?
‘प्रत्येक मिनिटाचा हिशेब ठेवा’ असे सुचवणारा वेळेच्या नियोजनावरील लेख वाचला. नियोजनाला विरोध नाही. पण एक काम करताना मन पुढच्या कामात असेल, तर त्या हिशेबाला अर्थ काय? हार्वर्डच्या किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलेल्या अभ्यासात २,२५० प्रौढांचे मन जवळपास ४७ टक्के वेळा हातातल्या गोष्टीवर नव्हते. गंमत म्हणजे, सुखद विचारांत रमलेलेही कामात गढलेल्यांपेक्षा अधिक आनंदी नव्हते. याद्या मीही करतो. कित्येकदा कामापेक्षा त्यावर रेघ मारण्याचाच आनंद मोठा! त्या लेखात विश्रांतीला ‘उद्याची कार्यक्षमता वाढवण्याचे साधन’ म्हटलेले मात्र खटकले. संध्याकाळी नुसते निवांत बसायलाही कामाचेच निमित्त कशाला?
– एक वाचक