क्लेमेंटेचं कार्ड पाठवतोय

पिट्सबर्ग

ती. अण्णाकाकांस,
सा. न. वि. वि.

मंदारबरोबर एक बेसबॉल कार्ड, म्हणजे खेळाडूचं चित्र छापलेलं पुठ्ठ्याचं संग्राह्य कार्ड, पाठवतोय. टॉप्स या च्युइंगम कंपनीचं, १९६९ सालचं, ५० नंबरचं, रॉबर्टो क्लेमेंटेचं. त्यावर नाव 'बॉब क्लेमेंटे' असं आहे, ती छपाईची चूक नव्हे. हा पोर्तो रिकोचा माणूस, आमच्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा खेळाडू. आपल्याला रॉबर्टोच म्हणावं असं त्याचं म्हणणं होतं. पण टॉप्सने १९५७ पासून त्याला बॉब करून टाकलं. १९७० च्या कार्डावर रॉबर्टो परत आलं. म्हणजे तुमच्याकडे येतंय ते शेवटचं 'बॉब'. त्याचे कोपरे गोलसर झालेत. माझ्या मते ते चांगलंच. कुणा पोराने हाताळलेलं कार्ड आहे.

त्याच्या नावावर बरोबर ३००० हिट आहेत. हिट म्हणजे चेंडू मारून सुखरूप तळावर पोहोचणं. शेवटचा त्याने १९७२ च्या सप्टेंबरअखेर मारला, आणि ३१ डिसेंबरला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान समुद्रात कोसळलं. इथल्या मैदानाची उजवीकडची भिंत २१ फूट उंच आहे, कारण त्याचा नंबर २१ होता.

अस्सल-नक्कल कशी ओळखायची, असं तुम्ही विचारलं होतंत. टपाल तिकिटांचं दहापट भिंग आहे ना, तेच घ्या. चित्राचा भाग ठिपक्यांचा दिसेल, तो तसाच असतो. मागची काळी अक्षरं बघा. अस्सल कार्डात ती सलग शाईची, नीट कडेची असतात; कार्ड स्कॅन करून छापलेल्या नकलेत अक्षरांचेही ठिपके होतात. मग पट्टी लावा. १९५७ पासूनचं टॉप्स कार्ड सुमारे ६४ × ८९ मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे चालतो, त्या काळी कारखान्यातली कापणीच तशी होती. पण झिजलेल्या कार्डाची एखादीच कड नव्या कोऱ्यासारखी धारदार असेल, तर ती कुणीतरी नंतर छाटली आहे असं समजा. छाटलेल्या कार्डाची किंमत कोसळते. निळ्या-जांभळ्या (अतिनील) दिव्याची परीक्षा मात्र या कार्डाला लावू नका. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा कागद त्या दिव्याखाली चमकत नाही, म्हणून ती जुन्या कार्डांना उपयोगी पडते. १९६९ चा कागद अस्सल असूनही चमकू शकतो.

आता ठेवण्याचं. रत्नागिरीच्या पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो, वाकतो आणि त्याचे थर सुटतात. कार्डाला आधी मऊ पॉलीप्रॉपिलिनची पिशवी, मग कडक प्लास्टिकचं कव्हर. पिशवीशिवाय कडक कव्हरात सरकवलंत तर पृष्ठभागावर ओरखडे येतात. पीव्हीसीचा जुना अल्बम नकोच, त्यातलं तेलकट द्रव्य कार्डावर उतरतं. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि त्या ओल्या झाल्या की बदला. रबरबँड कधीच नको. तिने कडेला खाचा पडतात. टॉप्सच्या १९५२ च्या संचातलं पहिलं कार्ड अँडी पॅफ्कोचं. पोरं गठ्ठा नंबरवार लावून रबरबँड चढवत, तेव्हा ते वरच असायचं. म्हणून ते धड अवस्थेत क्वचितच मिळतं.

पुढे १९५२ ते १९५६ मधलं एखादं हाती आलं, तर ती कार्डं मोठी असतात, सुमारे ६७ × ९५ मिलिमीटर. त्यांना साधी पिशवी घातलीत तर कोपरे चेपतात. मोठ्या मापाच्या पिशव्या वेगळ्या मिळतात. ही कार्डं तेव्हा मेणकागदाच्या वेष्टनात च्युइंगमबरोबर येत. पुढच्या बाजूला वेष्टनाच्या मेणाचा डाग असेल तर नायलॉनच्या मोज्याने हलकेच पुसता येतो. मागचा च्युइंगमचा डाग पुठ्ठ्यात मुरलेला असतो, त्याला हात लावू नका.

जुना बेसबॉलपटू होनस वॅग्नरही आमच्या गावाचाच. १९०९ ते १९११ मध्ये सिगारेटच्या पाकिटातून आलेलं त्याचं कार्ड लाखो डॉलरना जातं, कारण त्याची छपाई लवकर थांबवली गेली. ती का थांबली, यावर अजून वाद आहे. त्याच्या नादी लागण्यात अर्थ नाही; मला खरी खंत वाटते ती जॉश गिब्सनची. होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स या कृष्णवर्णीयांच्या संघांतून तो खेळला. जॅकी रॉबिन्सन हा आधुनिक काळातला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मोठ्या लीगमध्ये उतरण्याआधी तीनच महिने, जानेवारी १९४७ मध्ये, तो गेला. कृष्णवर्णीयांच्या लीगचे आकडे २०२४ मध्ये अधिकृत धरले गेले, तेव्हा ०.३७२ ची त्याची कारकीर्दीची सरासरी (फलंदाजीच्या संधींमागे हिटचं प्रमाण) तोवर पहिल्या असलेल्या टाय कॉबच्याही वर गेली. पण तो खेळत असताना त्याचं कार्ड कुठल्याही मोठ्या अमेरिकन कंपनीने छापलं नाही. बाजारात जी दिसतात ती बहुतेक फार नंतरची आहेत. कुणी 'गिब्सनचं त्याच्या खेळाच्या काळातलं अमेरिकन कार्ड' म्हणून दाखवलं, तर पैसे देऊ नका.

मंदारच्या बॅगेत कार्ड दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये आहे. चिकटपट्टी कात्रीने कापा, ओढू नका.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
सुहास