नातीचं नाव केत्सिया

ती. आई-बाबांना,
शालोम.

परवा फोनवर आई तू म्हणालीस, "केत्सिया? राहेल, लेआ काय संपल्या का गं?" तेवढ्यात बाळ रडायला लागलं नि राहूनच गेलं. आता झोपलीय, तोवर लिहिते.

हिब्रूत केत्सिया म्हणजे दालचिनी. अगदी खरी दालचिनी नाही, तिची जाडी-भरडी बहीण. तुझ्या खड्या मसाल्याच्या डब्यात ती जाड, काळपट साल असते ना, वाणी दालचिनी म्हणूनच देतो, ती. साल खरवडून काढायची, म्हणून 'खरवडणे' याच धातूवरून हा शब्द आला असं मानतात. तोच ग्रीकांकडे जाऊन 'कासिया' झाला आणि पुढे शास्त्रज्ञांनी भलत्याच झाडांना चिकटवला. आपल्या सोसायटीच्या फाटकातला बहावा शास्त्रीय नावाने कॅसिया फिस्टुला आहे!

इथे इस्रायलमध्ये, अश्दोदलाही हे नाव क्वचितच ऐकू येतं. शेजारीण आधी 'केत्सिना' समजली, म्हणजे लष्करातली बाई अधिकारी. दुसरीने विचारलं, तुरुंगाचं नाव कशाला ठेवलं? नेगेवच्या वाळवंटात केत्सिओत नावाचा मोठा तुरुंग आहे, याच शब्दाचं अनेकवचन. पण तो शब्द बायबलच्या पंचेचाळिसाव्या स्तोत्रातही आहे. तिथे राजाच्या वस्त्रांना बोळ, अगरू आणि केत्सिओतचा वास येतो. लोकांना तुरुंगच आठवतो, काय करणार!

नाव मात्र मी घेतलं बायबलमधल्याच इयोबाच्या पुस्तकातून. त्याची दहाही मुलं गेली, अंगभर फोड आले, ते सगळं बाबांनी लहानपणी सांगितलंय. शेवट मात्र मी कधी नीट वाचला नव्हता. त्याला पुन्हा सात मुलगे नि तीन मुली होतात. सात मुलग्यांपैकी एकाचंही नाव दिलेलं नाही. मुलींची तिन्ही आहेत: यमीमा, केत्सिया आणि केरेन-हापूख. केरेन-हापूख म्हणजे काजळाचं शिंग, आपली काजळाची डबीच म्हण. ह्यांना तेच आवडलं होतं. मी म्हटलं, शाळेत पोरं जगू देतील का तिला?

आणि पुढच्याच ओळीत आहे की बापाने या मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन दिलं. तोराच्या, म्हणजे आपल्या धर्मशास्त्राच्या, नियमाने मुलगा नसेल तरच मुलीला वारसा मिळे. सलाफहादच्या पाच मुलींना तेवढ्यासाठीसुद्धा मोशेपुढे उभं राहावं लागलं. इयोबाला तर सात मुलगे होते. तरी दिलं. मी ती ओळ दोनदा वाचली.

बाबा, आत्याने अलिबागच्या वाडीवरचं हक्कसोड लिहून दिलं तेव्हा मी बारावीत होते. तिच्या कपातल्या चहावर साय धरली होती, ती बोटाने बाजूला सारत तिने सही केली. "मला काय करायचीय नारळाची झाडं," म्हणाली आणि सगळे हसले. मीही हसले. भांडायला लिहीत नाही. दादा सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे खेपा घालतोय असं कळलं, म्हणून आठवलं.

बाळाच्या नावाने एलियाहू हन्नाबीचा मालिदा, आपली ती प्रार्थना नि पोह्यांचा प्रसाद, करणार आहात ना, त्याला आत्याला ठाण्याला बोलवा. नाव तिला कळवलंय, अर्थ सांगितलेला नाही. तो तुम्ही सांगा, बाबा. पुढच्या ओळीसकट.

तुमची,
लेक