रेडिएशनच्या आधी दात दाखवायला सांगा

संपादक साहेब, नमस्कार.

तोंडाच्या कॅन्सरवर पेपरात बरंच येतं, तंबाखू सोडा, गाठ लवकर दाखवा, ते हवंच आहे. पण ट्रीटमेंट सुरू झाल्यावर तोंडात काय उलथापालथ होते यावर कोणी फारसं लिहीत नाही म्हणून हे पत्र.

आपल्या सगळ्यांच्याच तोंडात शेकडो जातींचे बॅक्टेरिया राहतात, बहुतेक त्रास न देणारे, आणि ते वाईट बॅक्टेरियांना डोकं वर काढू देत नाहीत. हे सगळं लाळेच्या जीवावर चालतं. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, ती दात धुते, आंबटपणा मारते. रेडिएशन साधारण 6 ते 7 आठवडे चालतं, त्यात लाळेच्या ग्रंथी सापडल्या की पहिल्या एक-दोन आठवड्यातच लाळ कमी आणि चिकट होते, तोंड आंबट राहतं, आणि मग आंबटात तग धरणारेच माजतात, म्हणजे दात किडवणारे स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स आणि लॅक्टोबॅसिलस, वर कॅन्डिडा ही बुरशी. त्यात तोंड सोलवटून निघालेलं असतं, सोबत किमो असेल तर पांढऱ्या पेशी कमी होतात आणि त्या जखमांतून जंतू रक्तात जाऊ शकतात.

गाठ गेली म्हणजे सुटलो असं घरच्यांना वाटतं. माझ्या आत्याचे दात आयुष्यभर धड होते, ट्रीटमेंटनंतर ते हिरडीलगत काळे पडून तुटायला लागले तेव्हा कुठे आम्हाला हे कळलं, आधी कोणी एका शब्दाने बोललं नव्हतं याचा मला अजून राग येतो. कारण लाळ पुष्कळदा पूर्ववत होतच नाही आणि नंतर दात काढणंही धोक्याचं, किरण लागलेलं जबड्याचं हाड नीट भरून येत नाही, कधीकधी मरतं.

म्हणून खराब दात रेडिएशनच्या आधीच काढायचे आणि जखम भरायला दोन-तीन आठवडे तरी मिळायला हवेत, अर्थात कॅन्सरचे डॉक्टर थांबू देत असतील तर. नंतर रोज फ्लोराइड, मऊ ब्रश, मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याच्या चुळा, अल्कोहोलवाला माउथवॉश अजिबात नको. यावर तुम्ही एखाद्या डेंटिस्टकडून सविस्तर लेख लिहून घ्यावा ही विनंती, आणि त्यात हेही येऊ द्या की दहा वर्षांनी जरी दात काढायची वेळ आली तरी पूर्वी रेडिएशन झालंय हे पेशंटने आधी सांगायचं.

आपली एक वाचक