आडनाव लेबलच्या मागे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचे लेबलचे नमुने मिळाले. नमुने टेबलावर पसरून ठेवलेत, येता-जाता बघतो. त्यांच्याबद्दल पुढे लिहितोच, कारण तिथे माझी थोडी कुरकुर आहे. आधी तुझा खरा प्रश्न. वायनरीच्या नावातून आडनाव काढलं तर काकांच्या आयुष्यभराच्या कष्टांवर बोळा फिरवल्यासारखं होईल का, असं तू विचारलंयस. माझं मत विचारशील तर नाही. उलट चुलतभाऊ स्वतःची वायनरी काढतोय आणि त्याचंही आडनाव तेच आहे, अशा वेळी तुम्ही आडनाव धरून बसलात तर घरातल्या घरात कोर्टकचेरी व्हायची.

मोंडावींचं उदाहरण घे. सेझारे मोंडावींनी 1943 मध्ये कॅलिफोर्नियातली चार्ल्स क्रुग ही जुनी वायनरी विकत घेतली आणि तिचं नाव तसंच राहू दिलं. पुढे रॉबर्ट आणि पीटर या भावांचं फाटलं. रॉबर्टने 1966 मध्ये नापा खोऱ्यात स्वतःची वायनरी काढली आणि बाटलीवर स्वतःचं संपूर्ण नाव घातलं. नाव जगभर गेलं, कंपनी शेअर बाजारात उतरली आणि 2004 मध्ये एका मोठ्या कंपनीने ती विकत घेतली. नावही तिच्याबरोबर गेलं. त्यानंतर रॉबर्ट आणि त्यांचा मुलगा टिम यांनी पुन्हा वाइन करायला घेतली, तेव्हा नाव ठेवलं ‘कंटिन्युअम’. ज्यांनी ते आडनाव जगाला माहीत करून दिलं, त्यांच्याच नव्या बाटलीवर ते नव्हतं.

कॅलिफोर्नियातल्याच गॅलो भावांचं तर त्याहून वाईट झालं. अर्नेस्ट आणि ज्युलिओ वाइन करायचे, धाकटा जोसेफ गाईगुरं पाळायचा. जोसेफने स्वतःच्या नावाने चीज विकायला घेतलं, तेव्हा थोरल्या भावांनी 1986 मध्ये त्याच्यावर दावा लावला आणि ते जिंकले. नाव त्याचं जन्माचं, धंदाही वेगळा, तरी चीजवरून ‘गॅलो’ गेलं. कोर्ट तुमचा जन्मदाखला बघत नाही. आधी कोणी वापरलं, कोणाच्या नावावर नोंद आहे आणि गिऱ्हाइकाचा घोळ होईल का, एवढंच बघतं. म्हणून चुलतभावावर राग धरू नकोस. आडनाव त्याचंही आहे. तो ते लावणारच.

आता काकांचं. ते गप्प आहेत असं लिहिलंयस. त्यांना एक गोष्ट नीट सांगितलीस का? तुम्ही ब्रँड बदलताय, कंपनी नाही. कंपनीचं नोंदलेलं नाव आहे तसं ठेवा. बहुतेक देशांत वाइन कोणी केली किंवा कोणी भरली, त्याचं नाव आणि पत्ता लेबलवर द्यावाच लागतो. म्हणजे नवं नाव पुढे येईल आणि काकांचं आडनाव मागच्या लेबलवर, कायद्यानेच, प्रत्येक बाटलीवर राहील. जुना ट्रेडमार्कही सोडू नका. मुदत संपली की नूतनीकरण करा आणि एखादी छोटी वाइन जुन्या नावाने चालू ठेवा, कारण वापरात नसलेला ट्रेडमार्क दुसरा कोणी रद्द करून घेऊ शकतो. ट्रेडमार्क मालाच्या वर्गानुसार नोंदतात आणि वाइन 33 व्या वर्गात येते, हे तुझ्या वकिलाला माहीत असेलच. पण ताई द्राक्षाचा रस विकायचं म्हणतेय ना? तो 32 व्या वर्गात येतो. नोंद आत्ताच करून टाका, नंतर दुसरा कोणी बसला की हात चोळत बसावं लागेल.

नव्या नावांच्या यादीतलं बागेमागच्या टेकडीचं नाव मात्र मला पटलेलं नाही. ऐकायला छान आहे, पण टेकडी काही तुमच्या एकट्याची नाही. उद्या पलीकडच्या उताराचा मालकही तेच नाव लावेल, आणि त्याला अडवणार कसं? नापामध्ये ‘स्टॅग्ज लीप’ नावाच्या दोन वायनऱ्या शेजारी-शेजारी होत्या आणि दोघांचं वर्षानुवर्षं वाजलं. शेवटी अ‍ॅपॉस्ट्रॉफी कोणी ‘एस’च्या आधी द्यायची आणि कोणी नंतर, यावर तोड निघाली! तडजोडीची आठवण म्हणून दोघांनी मिळून ‘अ‍ॅकॉर्ड’ नावाची वाइनही केली. बरं, दुसऱ्याच्या टेकडीचं नाव घेतलं तर तेही अंगाशी येतं. ऑस्ट्रेलियातल्या पेनफोल्ड्स कंपनीची ‘ग्रेंज हर्मिटेज’ ही वाइन तुला आठवत असेल. हर्मिटेज ही फ्रान्समधली, ऱ्होन नदीकाठची टेकडी. युरोपने अशा नावांवर हक्क सांगितला आणि 1990 च्या व्हिंटेजपासून, म्हणजे त्या वर्षीच्या द्राक्षांच्या वाइनपासून, बाटलीवर नुसतं ‘ग्रेंज’ राहिलं. दर्जाला मात्र काही झालं नाही. तुझ्या यादीतलं तिसरं नाव, बागेच्या वरच्या तुकड्याला तुम्ही घरात जे म्हणता ते, मला सगळ्यांत आवडलं. ते तुमच्याखेरीज कोणाच्या तोंडी नाही, आणि लहान आहे.

लहान असण्याचा मुद्दा मी छपाईवाला म्हणून सांगतोय. पाऊण लिटरची बाटली साडेसात सेंटीमीटरच्या आसपास जाड असते. समोरून पाहिलं तर तिच्या घेराचा जेमतेम तिसरा भाग नीट वाचता येतो, बाकीचं वळणावर पळतं. तुझ्या डिझायनरने नाव लेबलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलंय. सपाट कागदावर ते राजेशाही दिसतं, पण बाटलीला गुंडाळून बघ, पहिलं आणि शेवटचं अक्षर गायब होतं. शिवाय मलईरंगाच्या कागदावर सोनेरी फॉइल! मंद दिव्यात ते फॉइल एका कोनातून चमकतं आणि दुसऱ्या कोनातून दिसतच नाही. मी घरी दिवे बारीक करून पाहिलं, नाव वाचता येईना. तुमच्या व्हाइट वाइनच्या लेबलचा नमुना बर्फाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवला, तर कागद करडा पडला आणि कडांना फुगे आले. लोक ती बाटली बर्फाच्या बादलीतूनच बाहेर काढणार. ओलं झालं तरी टिकणारा कागद आणि त्याला साजेसा गोंद माग, आणि नमुने यापुढे खऱ्या बाटलीवर चिकटवूनच पास करत जा.

आणि सगळं एकदम बदलू नका, हे डिझायनरला बजावून सांग. नाव बदलताय तर गडद हिरवी कॅप्सूल (बाटलीच्या गळ्यावरचं टोपण) आणि बाटलीचा आकार तसाच राहू द्या. दुकानात माणूस आधी रंग ओळखतो, मग नाव वाचतो. फ्रान्सच्या व्हव क्लिको या शॅम्पेन कंपनीने आपलं पिवळं लेबल 1877 मध्येच नोंदवून घेतलं होतं, ते काय उगाच?

जुन्या साठ्यावर नवी लेबलं चिकटवायचा तुझा विचार सोडून दे. जी वाइन ज्या नावाने बाटलीत गेली, ती त्याच नावाने विकली जाऊ दे. पिंपात मुरतेय ती नव्या नावाने येईल. म्हणजे काही वर्षं दोन्ही नावं बाजारात असणार, आणि तळघरात बाटली जपून ठेवणारे लोक जुनं नाव त्याहून पुढे नेणार. तोवर मागच्या लेबलवर ‘पूर्वीचं नाव अमुक’ अशी एक ओळ ठेवा आणि वेबसाइटचा जुना पत्ता चालू ठेवा. नवं लेबल ज्या-ज्या देशात मंजूर करून घ्यावं लागतं, तिथे मंजुरीआधी छपाईची घाई करू नका.

आणि समजा, नाव नाहीच रुजलं, तरी आभाळ कोसळत नाही. फ्रान्समधल्या बोर्दोत रोथशिल्ड या बड्या घराण्याकडे एक द्राक्षबागेची इस्टेट आहे, तिचं जुनं नाव ‘मुताँ दार्मायाक’. 1956 मध्ये तिला बॅरन फिलिप यांचं नाव दिलं, नंतर त्यांच्या पत्नीच्या स्मरणार्थ ते बदललं, आणि 1989 मध्ये गाडी परत ‘शातो दार्मायाक’वर आली. पैसा आणि नाव दोन्ही असलेल्या घराण्याची ही गत!

तिसऱ्या नावाची ट्रेडमार्क चाचपणी झाली की कळव, मी लेबलचा कच्चा आराखडा करून पाठवतो. तुझ्या डिझायनरला राग आला तर माझं नाव सांग. काका-काकूंना नमस्कार, आणि ताईला सांग, रसाच्या बाटलीचं लेबल मीच करणार आहे, दुसऱ्या कोणाला देऊ नकोस म्हणावं.

तुझाच,
लेबलवाला