प्रवेश अर्जात एक ओळ वाढवा

संपादक महोदय,

दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनाला मी तलावपाळीवर गेले होते. निर्माल्याच्या कलशापाशी एक मुलगी एकटीच उभी होती. हारांतला दोरा आणि प्लॅस्टिक वेगळं काढायचं, फुलं कलशात टाकायची, हे तिचं संध्याकाळपासून चाललेलं. मला पाहताच ‘बाई!’ म्हणत तिने डावा हात पुढे केला; स्काऊट-गाईड हात मिळवतात ते डाव्यानेच. शाळेत माझ्याच गाईड कंपनीतली (मुलींच्या स्काऊट पथकातली), गाईडचा राज्य पुरस्कार मिळवलेली, आता कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला. स्कार्फ घडी करून बॅगेत ठेवलेला. घातला का नाहीस, असं विचारलं, तर म्हणाली, ‘कुठल्या पथकाचा म्हणून घालू?’

ठाण्यातल्या एका मराठी शाळेत मी २२ वर्षं गाईड कॅप्टन होते. दहावीपर्यंत आमच्या मुली दोन काठ्या आणि दोन शर्टांचं स्ट्रेचर बांधतात, मोडलेल्या हाताला झोळी देतात, ‘खरी कमाई’साठी, म्हणजे छोटी कामं करून पैसे मिळवायला, अनोळखी दारावर न लाजता थाप मारतात. अकरावीत गेल्या की हे कुणी विचारतही नाही. या मुलीने कॉलेजच्या ऑफिसात चौकशी केली, तर ‘एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजनेला) नाव दे’ एवढंच उत्तर मिळालं. एनएसएसबद्दल मला आदरच आहे, या मुलीनेही तिथे मनापासून काम केलं. पण वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० झाले की ते संपतं. भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये पंचविशीपर्यंत रोव्हर (मुलगे) किंवा रेंजर (मुली) होता येतं आणि त्यांचं ब्रीदच ‘सेवा’ आहे, हे तिला कॉलेजात कुणी सांगितलं नाही.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लाफायेट कॉलेजात फ्रँक रीड हॉर्टन या विद्यार्थ्याने १६ डिसेंबर १९२५ रोजी मित्रांना घेऊन ‘अल्फा फाय ओमेगा’ ही सेवा संघटना काढली. सगळे स्काऊट चळवळीशी जोडलेले. नेतृत्व, मैत्री आणि सेवा ही त्यांची तीन तत्त्वं. १९५० मध्ये ती फिलिपिन्समध्ये, मनिलात पोचली. १९७६ पासून मुलींनाही पूर्ण सभासदत्व मिळालं (फार उशीर केला, असं मला वाटतं). स्काऊट असण्याची जुनी अट त्याआधीच, १९६७ मध्ये, काढून टाकली होती. मला त्यांचं ग्रीक नाव नको आहे. एका कॉलेजातल्या जुन्या स्काऊटांनी एकमेकांना शोधून काढलं, तेवढं मात्र हवं आहे.

म्हणून ठाण्यातल्या कॉलेजांना विनंती. प्रवेश अर्जात एक ओळ वाढवा: ‘शाळेत स्काऊट किंवा गाईड होता का?’ ‘हो’ लिहिणाऱ्यांना जुलैत एकदा एकत्र बसवा आणि शनिवारी दुपारी एक वर्ग उघडून द्या. रोव्हर-रेंजर पथक नोंदवायला एखादे प्राध्यापक पुढे आले तर उत्तमच. तोवर कुणीतरी हवं असेल, तर मी येईन. दोर, शिट्टी आणि प्रथमोपचाराची पेटी अजून माझ्याकडे आहे.

— एक निवृत्त गाईड कॅप्टन, नौपाडा, ठाणे