रिचर्डसन साहेब, तुमच्या चुकलेल्या गणिताबद्दल आभार

आदरणीय लुईस फ्राय रिचर्डसन साहेब,

सादर नमस्कार.

हवामानाचा अंदाज गणिताने काढायला बसलेले इंग्रज शास्त्रज्ञ तुम्ही, १९५३ साली गेलात. हे पत्र तुमच्या हाती पडायचं नाही, तरी लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर आलं. आदल्या दिवशीच श्रीवर्धनमध्ये माणसं सांगत फिरली होती की किनाऱ्यालगतची घरं सोडा. लॉकडाऊनचे दिवस, चार माणसांत जायचीच भीती. त्यात आई हटून बसली. "वारापाऊस काय पहिल्यांदा बघत्ये मी?" शेवटी देवांचं गाठोडं मांडीवर घेऊन ती शाळेच्या वर्गात येऊन बसली. दुपारी वारा ताशी ११०-१२० किलोमीटरवर गेला. वारा पडल्यावर घरी आलो, तर वाडीतल्या पोफळी एका अंगाला आडव्या झालेल्या, आणि माड कोसळून घराचं आढं थेट आईच्या बाजेवर आलेलं. उशी कौलांच्या तुकड्यांखाली होती.

मी शाळेत गणित शिकवते. वादळ कुठे, किती वाजता येणार हे आदल्या दिवशी कळतं कसं, याचा माग काढत गेले आणि तुमच्यापाशी पोचले.

वाऱ्यापावसाचे नियम समीकरणांत मांडता येतात, हे तुमच्या आधी नॉर्वेचे हवामानशास्त्रज्ञ ब्यर्कनेस यांनी सांगितलं होतं. ती समीकरणं प्रत्यक्ष सोडवायला तुम्ही बसलात. हवेचे पाच थर केलेत, जमिनीवर सुमारे २०० किलोमीटर बाजूचे चौकोन आखलेत, आणि त्यातल्या दोन चौकोनांवरच्या हवेचं सहा तासांनी काय होईल ते हाताने मांडत गेलात. तेही कुठे, तर पहिल्या महायुद्धात, फ्रान्सच्या आघाडीवर. तुम्ही क्वेकर, म्हणजे युद्ध न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे. बंदूक धरणार नाही म्हणालात, पण १९१६ मध्ये हवामान खात्यातली नोकरी सोडून जखमींना नेणाऱ्या रुग्णवाहिकेवर गेलात. थंडगार मुक्कामात गवताचा ढीग हेच तुमचं ऑफिस. तिथे तक्ते आखून गणित पुरं करायला तुम्हाला सहा आठवडे लागले. जखमींना पोचवून आल्यावर कागद पुन्हा पुढे ओढणारे तुम्ही मला सारखे डोळ्यांपुढे दिसता. १९१७ च्या एप्रिलमधल्या लढाईत ते हस्तलिखित हरवलं आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडलं. ते सापडलं नसतं तर, हा विचार मी फार वेळ करू शकत नाही.

आणि उत्तर चुकलं! २० मे १९१० च्या नोंदींवरून तुम्ही काढलंत की मध्य युरोपात हवेचा दाब सहा तासांत १४५ मिलिबारनी (मिलिबार म्हणजे दाब मोजायचं एकक) वाढेल. त्या दिवशी दाब जवळपास जागचा हलला नव्हता. तुम्ही १९२२ च्या पुस्तकात ते उत्तर तसंच्या तसं, सगळ्या पायऱ्यांसकट छापलंत. माझे आभार मुख्यतः याचसाठी आहेत. वहीतलं चुकलेलं पान फाडून टाकणारी मुलं मी रोज बघते, मोठी माणसंही बघते. तुम्ही पान फाडलं नाहीत, म्हणून पुढच्यांना त्यातली चूक शोधता आली. पुढे आयर्लंडचे हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनी ते गणित पुन्हा केलं. पद्धत बरोबर होती, सुरुवातीच्या आकड्यांतच गोंगाट होता, म्हणजे खऱ्या हवामानाशी संबंध नसलेले चढउतार. तो गाळल्यावर १४५ च्या जागी एक मिलिबारही बदल उरला नाही.

१९५० मध्ये अमेरिकेत एनिॲक संगणकावर पहिले अंदाज निघाले. त्यांचे नकाशे तुमच्याकडे आले, तेव्हा कुठला नकाशा खऱ्या हवामानाशी जुळतो हे तुम्ही बायकोला, डोरोथीबाईंना, विचारलंत. मग आपलं उत्तर साफ चुकलं होतं असं स्वतःच लिहून त्या मंडळींचं मनापासून कौतुक केलंत. आज पुण्यातले शास्त्रज्ञ महासंगणकावर मोसमी पावसाचा अंदाज काढतात, तेही हवेचे चौकोन आणि थर पाडूनच. चौकोन लहान झालेत एवढंच.

दुसरं ऋण वेगळं आहे. युद्धानंतर तुम्ही हवामान खात्यात परतलात, पण १९२० मध्ये ते खातं हवाई दल सांभाळणाऱ्या हवाई मंत्रालयाच्या हाताखाली गेलं, तेव्हा तुम्ही नोकरी सोडलीत. पुढे आपल्या संशोधनात युद्धात विषारी वायू वापरू पाहणाऱ्यांनाच जास्त रस आहे हे कळल्यावर न छापलेलं काम नष्ट केलंत. हे कागद मात्र फाडलेत, आणि त्या वेळी तुमचं काय झालं असेल ते मला समजतं. मग युद्धं का होतात याचंच गणित मांडायला घेतलंत, आणि स्कॉटलंडमधल्या पेस्लीच्या कॉलेजातलं प्राचार्यपद त्यासाठी १९४० मध्ये मुदतीआधी सोडलंत.

तुमचा एक प्रयोग आम्ही उचलला आहे. १९४८ मध्ये तुम्ही आणि अमेरिकेचे समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल यांनी छापलेला तो, स्कॉटलंडच्या खाडीत पार्सनिप या कंदाचे तुकडे टाकून ते एकमेकांपासून किती लांब जातात ते मोजण्याचा. कंद का, तर तो जेमतेम पाण्यावर राहतो आणि वारा त्याला ढकलत नाही. पार्सनिप आमच्याकडे मिळत नाही, म्हणून नववीची मुलं जीवना बंदरावरून दोन-दोन संत्री सोडतात. आधी ती हातभर अंतरावर कितीतरी वेळ रेंगाळतात. पण एकदा अंतर वाढलं की भराभर लांब जातात, अगदी तुम्ही लिहिलंत तसं. मागच्या खेपेला आईही आली होती. धक्क्यावर बसून मुलांनी ओरडून सांगितलेले आकडे वहीत तिनेच उतरवून घेतले.

आपली ऋणी,
श्रीवर्धनची एक गणित शिक्षिका